कुंपणाची चांगली बाजू

सबुरीविरुद्ध आयुष्यातली पहिली तक्रार आली, तेव्हा ती त्यानंच लिहून घेतली, तिला क्रमांक दिला आणि पोच म्हणून सहीशिक्क्याचा कागद तक्रारदाराच्या हातात ठेवला. इलाज नव्हता. नगरपालिकेच्या तक्रार खिडकीवर तोच बसायचा.

खिडकीशी आलेला माणूस कितीही तापलेला असो, ‘जरा सबुरीनं घ्या’ हे त्याचं पहिलं वाक्य असे आणि बहुतेक वेळा शेवटचंही. हे तो इतक्या लोकांना इतक्या वेळा म्हणाला, की आधी कचेरीनं, मग गल्लीनं आणि शेवटी सख्ख्या आईनंही त्याचं खरं नाव टाकून दिलं.

तर तक्रारदार होत्या बाई. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचं आणि सबुरीचं मागचं अंगण पाठीला पाठ लावून होतं, मध्ये फक्त कमरेएवढा जुना लाकडी कठडा. रोज त्यावरून दोघांचं ‘काय, बरंय ना?’ ‘बरंय, बरंय’ चालायचं. पण बाई त्या दिवशी रांगेत उभ्या राहून, नंबर आल्यावर खिडकीशी आल्या.

“मागच्या घरातली दोन मोठी कुत्री,” बाई म्हणाल्या, “माझ्याकडे बघतात.”

“भुंकतात?”

“नाही.”

“अंगावर येतात?”

“मुळीच नाही. बघतात.”

“बघतात म्हणजे कशी?”

बाईंनी चष्मा काढला, हनुवटी खिडकीच्या फळीवर टेकवली आणि पापणी न हलवता सबुरीकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं सबुरीला आपण शर्ट उलटा घातलाय की काय अशी शंका येऊ लागली.

“लिहून घेतो,” तो घाईघाईनं म्हणाला. “पण बाई, कठड्यावरूनच सांगायचं होतंत की.”

“अहो, शेजाऱ्याला तोंडावर कसं बोलायचं? बरं दिसतं का ते? म्हणून रीतसर आले.”

सबुरीला हे तंतोतंत पटलं. तोही असाच होता. हजामानं एक कान भलताच उघडा पाडला, तरी आरशात बघून ‘झकास’ म्हणणाऱ्यांपैकी.

बाईंची अडचण अशी, की निवृत्त झाल्यावर त्या व्हायोलिन शिकू लागल्या होत्या. घरात आवाज घुमतो म्हणून रोज सकाळी मागच्या अंगणात सराव. आणि लवकरच क्लासच्या कार्यक्रमात चार लोकांपुढे वाजवायचं होतं. “हयातभर मी पोरांकडे बघितलं,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे कुणी असं बघितलेलं नाही. हात थरथरतो. गज तारेवरून घसरतो. आणि घसरला, की ती एकमेकांकडे बघतात.”

ती म्हणजे वकील आणि मावशी. वकील हा वासराएवढा कुत्रा. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा आक्षेप असे आणि तो उभा राहून नोंदवी. मावशी त्याहून थोराड, पण आपण मांडीवर मावतो अशी तिची प्रामाणिक समजूत होती. दोघांना शिस्त लागावी म्हणून सबुरीनं एकदा श्वानप्रशिक्षण केंद्रात घातलं होतं. तिथं ‘बस’, ‘ऊठ’, ‘थांब’ यांतलं ती काहीही शिकली नाहीत. शिडी चढायला मात्र अप्रतिम शिकली. ज्या घरात शिडीच नाही, तिथं ही विद्या काय कामाची, असं तेव्हा सबुरी म्हणाला होता. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. सबुरीनं ठेवलं नाही.

नियमाप्रमाणे सबुरीनं स्वतःला नोटीस काढली. ती टपालानं घरी आली आणि सही करून त्यानंच घेतली. बायकोनं ती वाचली. बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि आधी सुई टोचून मग ‘आता जरा टोचेल हं’ म्हणायची तिची पद्धत घरीही चाले.

“हे अक्षर तुमचंच ना?”

“हो.”

“सही?”

“तीही.”

“आणि हे? ‘मुदतीत कायमस्वरूपी कुंपण उभारावे, अन्यथा प्राणी अन्यत्र हलविण्यात यावेत’?”

“ते छापीलच असतं.”

“मुदत तरी जरा जास्त द्यायची होती स्वतःला.”

“सगळ्यांना महिनाच देतो,” सबुरी ताठ मानेनं म्हणाला. जगात आपला कुणी शत्रू असेल, पण आपल्या निःपक्षपातीपणावर तो बोट ठेवू शकणार नाही, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. बायको त्या भावाकडे बराच वेळ बघत राहिली. वकीलसुद्धा.

‘अन्यत्र’ कुठे, हा प्रश्न त्याच संध्याकाळी मेहुण्यानं सोडवला. मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याला सगळं माहीत असे आणि नसे ते तो जास्त मोठ्यानं सांगे.

“जावईबापू, द्या माझ्या शेतघरावर पाठवून. गोदामाबाहेर साखळीला बांधतो. राखण होईल. काय समजलेत?”

मावशी बायकोच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपली होती. पाऊल केव्हाच बधिर झालं असणार, पण बायकोनं ते हलवलं नाही.

“कुंपण होईल,” ती म्हणाली. “हे करतील.”

‘हे’ म्हणजे सबुरी. त्यानं मागं वळून पाहिलं. दुसरं कुणी नव्हतं.

आपल्याकडे कुंपणावर म्हणी आहेत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, आणि कुंपण वेळप्रसंगी शेत खातं. पण वासराएवढ्या कुत्र्यांसाठी कोणतं कुंपण घ्यावं, यावर पूर्वजांनी चकार शब्द काढलेला नाही. ही उणीव शेजाऱ्यांनी भरून काढली.

जाळी लावा, असं समोरचे म्हणाले. जाळीतून दिसतं, हे सांगितल्यावर ‘मग दाट जाळी लावा’ म्हणाले. झाडांचं जिवंत कुंपण फार शोभतं, असं कोपऱ्यावरच्या म्हणाल्या आणि रोपं पण देऊन गेल्या. ती ओळीनं लावली, आणि मावशी त्यांच्यावर ओळीनं बसली. बांबूचे तट्टे आणून बांधले, ते वकिलानं खाल्ले. रागानं वगैरे नाही. आपण कुरमुरे खातो तसे, दुसरीकडे बघत.

मग मेहुण्यानं पत्रे आणले. “पत्र्यासारखं कुंपण नाही. काय समजलेत?” शेजारचे हवामानकाका नुकतेच हवामानखात्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, “वारा सुटणार नाही. बिनधास्त लावा.” काकांचं निदान वाईट नसे; निसर्गाचं आणि त्यांचं जमत नसे, एवढंच. दुपारी वारा सुटला. नाटकात वादळ दाखवायला पडद्यामागे पत्रा हलवतात, तसा सबुरीच्या अंगणात अख्ख्या गल्लीला पुरेल इतका गडगडाट सुरू झाला. दोन्ही कुत्री जीव घेऊन घरात पळाली आणि पलंगाखाली शिरली. पलंगाखाली ती मावत नव्हती, त्यामुळे पलंग वर उचलला गेला. त्यावर मेहुणा झोपला होता.

कठड्यापलीकडून बाईंचा नम्र आवाज आला, “कुत्री आता बघत नाहीत हो. पण मला माझं व्हायोलिन ऐकू येत नाही. माझं जाऊ द्या, तुम्ही सावकाश घ्या.”

पत्रे उतरवले. आता उरलं लाकूड: पुरुषभर उंचीच्या फळ्या, एकीला एक भिडवून, फट न ठेवता. एवढ्या उंचीला नगरपालिकेची परवानगी लागते. परवानगीचं टेबल सबुरीच्या खिडकीला लागून होतं आणि त्यावरचा परवानगीवाला रोज त्याच्याच डब्यातलं खायचा. सबुरी खुर्चीतल्या खुर्चीत वळून म्हणाला, “अरे, एक कुंपणाची परवानगी हवी होती.”

परवानगीवाल्यानं त्याच्याकडे प्रथमच पाहत असल्यासारखं पाहिलं. “रांगेत या.”

सबुरी उठला, दारातून बाहेर गेला, वळसा घालून रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर पुन्हा त्याच माणसासमोर, आपल्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, येऊन ठेपला. त्याची स्वतःची खिडकी रिकामी दिसत होती आणि तिथले लोक ‘हा माणूस कुठे उलथला?’ म्हणत होते. त्यांचं म्हणणं त्याला पटत होतं.

“या जागेवर तक्रार नसल्याचा दाखला जोडा,” परवानगीवाला म्हणाला.

“तो कोण देतो?”

“तक्रार खिडकी. शेजारी बघा, आत्ता कुणी नाहीये. येईल इतक्यात.”

सबुरी परत वळसा घालून खुर्चीत बसला आणि त्यानं नोंद तपासली. या जागेवर तक्रार होती. कुंपण नसल्याची. कुंपण झाल्याशिवाय तक्रार मिटणार नव्हती, तक्रार मिटल्याशिवाय दाखला नव्हता, आणि दाखल्याशिवाय कुंपण नव्हतं. सबुरीनं स्वतःला दाखला नाकारला.

“अरे, पण मुदत संपत आलीय!” तो शेजारच्या टेबलाला म्हणाला.

“हे बघा,” परवानगीवाला मायेनं म्हणाला, “जरा सबुरीनं घ्या.”

हे वाक्य समोरून कसं लागतं, ते सबुरीला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. ते बरगडीत लागतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “नोटीस कुणाची?”

“नगरपालिकेची.”

“काय म्हणते?”

“कुंपण उभारा.”

“मग ज्यांनी उभारा म्हणून हुकूम सोडलाय, त्यांच्याचकडे उभारू का म्हणून कसलं विचारताय?”

दुसऱ्या दिवशी सबुरीनं हा मुद्दा परवानगीच्या टेबलावर मांडला. परवानगीवाल्यानं तो मोठ्या साहेबांकडे नेला. साहेब बराच वेळ छताकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “हे बाहेर कुणाला सांगू नका.” आणि परवानगी दिली.

सुतार आला. सुतार फार गोड माणूस. त्याची खोड एकच, तो कुणालाच नाही म्हणत नसे. “फळ्या उभ्या लावायच्या ना?” “लावू की.” “का आडव्या बऱ्या?” “बऱ्याच की.” जुना कठडा निघाला, खांब रोवले गेले, आणि मग सुतारानं तो घातक प्रश्न विचारला.

“चांगली बाजू कुणाकडे?”

असल्या कुंपणाला दोन अंगं असतात. एका अंगानं नुसत्या फळ्या, कपाटाच्या दारासारख्या सपाट नि गुळगुळीत. ही चांगली बाजू. दुसऱ्या अंगानं त्याचा सांगाडा दिसतो, म्हणजे खांब आणि त्यांना ठोकलेल्या एकावर एक आडव्या पट्ट्या.

“बाईंकडे,” सबुरी म्हणाला. हे इतकं उघड होतं की विचार करायचं कारण नव्हतं. कुणी आपला सांगाडा शेजाऱ्याकडे करतं का?

“छे छे!” बाई पलीकडून म्हणाल्या. “करून तुम्ही घेताय. शोभा तुमच्याकडेच हवी.”

“पण बाई, त्रास तुम्हाला झाला.”

“त्रास कसला मेला! नुसती बघत तर होती.”

“नाही हो, असं बघणं वाईटच.”

“गरीब आहेत हो बिचारी.”

“गरीब कसली! एक नंबरची आगाऊ आहेत.”

तक्रारदार कुत्र्यांची बाजू घेतेय आणि मालक त्यांच्यावर आरोप करतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सुतार दोघांनाही ‘बरोबर आहे’ म्हणत फळ्या कधी इकडे, कधी तिकडे नेत होता. शेवटी सबुरीनं ‘तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ’ म्हटलं आणि बाई हरल्या. चांगली बाजू पलीकडे गेली.

“आणि आपल्याकडे काय?” संध्याकाळी बायकोनं विचारलं.

“सांगाडा. पण बाईंचा चेहरा बघायला हवा होतास तू.”

त्या संध्याकाळी त्याच्याइतका सुसंस्कृत माणूस गल्लीत नव्हता.

सकाळी तो चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर आला. पलीकडे व्हायोलिन सुरू झालं. वकील उठला, आळस दिला आणि कुंपणाकडे बघू लागला. पहिली आडवी पट्टी. दुसरी. तिसरी. बऱ्याच वर्षांनी गावातला माणूस दिसावा, तसे त्याचे डोळे चमकले. त्यानं पुढचे पाय टाकले, मग मागचे, आणि प्रशिक्षण केंद्राला अभिमान वाटावा अशा डौलात तो शिडी चढून गेला. शेजारच्या खांबापाशी मावशीही चढली. दोघांनी मागचे पाय पट्टीवर रोवले, पुढचे पाय फळ्यांवरून पलीकडे लोंबकळत सोडले आणि वर हनुवटी ठेवली.

व्हायोलिन बंद पडलं.

त्या दिवशी बाई पुन्हा रांगेत होत्या.

“आता वरून बघतात,” त्या म्हणाल्या.

सबुरीनं मान खाली घातली. “जुन्या तक्रारीतच जोडू की नवीन घेऊ?”

“नवीनच घ्या. हे बघणं निराळं आहे. पेपर लिहिताना डोक्याशी पर्यवेक्षक येऊन उभा राहतो, तसं वाटतं. पण तुमच्यावर राग नाही हं माझा.”

“छे, छे. माझाही नाही.”

ही बातमी मेहुण्याला कुणी सांगितली कोण जाणे, पण सबुरी घरी पोचला तेव्हा दारात टेंपो उभा होता आणि मेहुण्याच्या हातात दोन साखळ्या होत्या. नव्या कोऱ्या, चकचकीत. “उद्या मुदत संपतेय जावईबापू. आजच नेतो, म्हणजे तुमच्यावर बालंट नको.”

फाटकात बायको उभी होती. “दादा, टेंपो रिकामा आणलास तसा रिकामा ने.”

“अगं, पण—”

“आता जरा टोचेल हं,” बायको म्हणाली आणि त्याच्या हातातल्या साखळ्या काढून टेंपोत टाकल्या. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. असं न बोलता बघणं वकील आणि मावशी कुणाकडून शिकली असतील, हे सबुरीला त्या क्षणी कळलं.

करायचं काय, ते उघड होतं. कुंपण उलटं करायचं. सपाट बाजू कुत्र्यांकडे, शिडी पलीकडे. पण त्यासाठी बाईंच्या दारात जाऊन ‘चांगली बाजू आम्हाला द्या’ असं तोंडानं म्हणायला हवं होतं, आणि सबुरीनं जन्मात कुणाकडे स्वतःसाठी चांगली बाजू मागितली नव्हती. बसमध्ये खिडकी मागितली नव्हती. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो मागच्या रांगेत उभा होता, स्वतःच्या लग्नाच्या.

तो गेला. घंटा वाजवली. बाईंनी दार उघडलं.

“काय, बरंय ना?”

“बरंय, बरंय.” सबुरीनं पायानं पायपुसणं सरळ केलं. “आज उकडतंय जरा.”

“हो ना.”

सबुरी जायला वळला. मागून, आपल्या घराच्या बाजूनं, टेंपोचं इंजिन घुरघुरलेलं ऐकू आलं. मेहुणा तसा चिकट होता, अजून गेला नव्हता. सबुरी गर्रकन परत फिरला आणि एका दमात म्हणाला, “बाई, चांगली बाजू आम्हाला हवी. सांगाडा तुम्हाला. तुम्हाला वाईट वाटलं तरी हवी. कुत्री जायला नकोत मला.”

बोलून झाल्यावर आपल्याच आवाजाला तो दचकला. हे काहीतरी भयंकर झालं, आता बाई पुन्हा रांगेत येणार.

“एवढंच ना?” बाई म्हणाल्या. “मी तेव्हापासून तेच म्हणत होते. शपथा तुम्ही घालत होतात.”

सुताराला विचारलं, “कुंपण उलटं होईल?” सुतार म्हणाला, “होईल की.” मुदत संपायच्या आत झालंही. मेहुण्यानं येऊन टिचकी मारून पाहिली आणि आपण पहिल्यापासून लाकूडच म्हणत होतो, असं सांगून रिकामा टेंपो घेऊन गेला.

आता एकीकडे गुळगुळीत फळ्या, दुसरीकडे शांतता. वकिलानं एकदा पाय लावून पाहिले, ते खाली घसरले. त्यानं आक्षेपसुद्धा नोंदवला नाही. व्हायोलिन सुरू झालं, की दोघं येऊन फळ्यांना नाक लावून बसत. जेवण अर्धं टाकत. बायको म्हणे, “चालायचंच. साखळीपेक्षा बरं.” पण म्हणताना ती ताटल्यांकडे बघत नसे.

पलीकडेही काही बरं चाललेलं नव्हतं. हल्ली व्हायोलिन दोन ओळी वाजे आणि थांबे. पुन्हा दोन ओळी, पुन्हा थांबे. कुणीतरी ‘अं?’ म्हणेल, अशी वाट बघितल्यासारखं.

एके सकाळी सबुरी पायरीवर अर्ध्या चड्डीत आणि बनियनमध्ये चहा घेत बसला होता. अंगणाला कुंपण झालं की माणसानं निदान एवढी चैन करावी. पलीकडे लाकूड करकरलं. एकदा, मग दुसऱ्यांदा. आणि कुंपणाच्या वर एक पांढरा अंबाडा उगवला. त्याखाली चष्मा. मग हनुवटी येऊन फळ्यांवर टेकली.

सांगाडा त्यांच्याकडे होता. पट्ट्या शिडीसारख्याच होत्या. आणि बाई शाळेत असताना झाडावर चढलेली पोरं स्वतः चढून उतरवत, अशी त्यांची ख्याती होती.

“बाई!” सबुरीनं कप गुडघ्यांवर धरला. लपवायचं बरंच होतं आणि कप लहान होता.

“ती बरी आहेत ना?” बाईंनी विचारलं. “नाही, आवाज नाही, काही नाही. म्हटलं, आजारीबिजारी पडली की काय. शेजारधर्म म्हणून बघावं.”

वकील आणि मावशीनं मान वर केली. बाईंनी खाली पाहिलं. कुणीच पापणी हलवली नाही. मग बाईंनी, खांबावर रेलून, कुठून कसं कोण जाणे, व्हायोलिन वर घेतलं आणि गज टेकवला. ‘लागलं’ असं म्हणावं, इतकं ते चांगलं नव्हतं. मधेच गज घसरला. कुत्र्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई हसल्या आणि वाजवत राहिल्या. हात थरथरत नव्हता.

“वरून बघितलं ना, की बरं पडतं,” वाजवून झाल्यावर त्या म्हणाल्या. “सवयीची जागा आहे माझी.”

क्लासचा कार्यक्रम झाला. सबुरी आणि बायको पहिल्या रांगेत बसले होते, कारण सबुरीनं ती जागा मागून घेतली होती. बाईंनी मंचावर खुर्ची नाकारून उंच स्टूल मागितलं, लोकांकडे वरून एकवार नजर टाकली, लोक आपोआप नीट बसले, आणि त्या न थांबता शेवटपर्यंत वाजवून गेल्या.

सोमवारी त्या खिडकीशी होत्या. “तक्रार मागे घ्यायचीय. दोन्ही. माझं समाधान झालं.”

सबुरीनं खण उघडला. आत, अगदी तळाशी, ‘तक्रारदाराचे समाधान झाले’ असा एक शिक्का होता. खिडकी सुरू झाली तेव्हाच तो बनवून घेतलेला. वापरायची वेळ आली नव्हती, म्हणून त्याची शाई पार सुकली होती. सबुरीनं त्यावर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा सोडली आणि सगळं वजन टाकून दाबला. पुसट उमटला, पण उमटला. परवानगीवाला उठून बघायला आला. रांगेतल्या एकानं मान लांब करून विचारलं, “साहेब, हा शिक्का कसला?”

“जरा सबुरीनं घ्या,” सबुरी म्हणाला, “तुमचाही नंबर येईल.” आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं.

आता रोज सकाळी मैफल असते. खाली वकील, मावशी आणि वाफाळता चहा, वर अंबाडा. आपलं अंगण आपल्यालाच उरलेलं नाही, शेजारच्या बाई वरून बघतात, अशी तक्रार करता येईल असं सबुरीच्या अधूनमधून मनात येतं. कुठे करायची, तेही त्याला माहीत आहे. तो बनियन सावरतो आणि पायरीवर जरा रेलून बसतो.

“पाठ ताठ!” वरून आवाज येतो.

आणि प्रशिक्षण केंद्राला जे कधी जमलं नाही ते घडतं. तिघंही ताठ बसतात.